एकट्यानं जावं तर कुणामागं?

माझा नातू अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यात नोकरीला आहे. रविवारी सकाळी नायगावला आमचं चहापाणी चालू असताना त्याचा फोन येतो. तिकडं तेव्हा शनिवारची रात्र असते. मागं एकदा तो म्हणाला, "आबा, तुम्ही तरुणपणी शिकार केलीय ना? मग एक सल्ला द्या."

त्याच्या कचेरीतला एक मित्र पेचात पडला होता. त्याला एकट्यानं शिकारीला जायचं होतं. एका बाजूला पहाडी मेंढा, दुसऱ्या बाजूला एल्क. दोन्हीचे परवाने त्याच्या हातात होते, पण रजा दहाच दिवसांची. दोन्ही साधणार नव्हतं. मग कुणामागं जावं?

आपल्याकडं शिकारीला बंदी आहे, त्यामुळं हा प्रश्न ऐकताना चमत्कारिक वाटतो. तिकडं मात्र परवाना काढून शिकार करता येते. कोणतं जनावर, नर की मादी, कोणत्या भागात, कोणत्या तारखांना, हे सगळं परवान्यावर ठरलेलं असतं. पहाडी मेंढ्याची शिंगं कानामागून वळून गालापर्यंत येतात. हा प्राणी उंच कड्याकपारीत राहतो आणि त्याचे परवाने फार थोडे निघतात. सोडतीत नाव निघायला कित्येकांना वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. एल्क हे आपल्या सांबराच्या गोत्यातलं मोठं हरीण. त्याचा नर तीनशे किलोच्या घरात जातो. त्याचा परवाना मानानं लवकर मिळतो.

नातवाला वाटलं, आबांना यातलं काय कळणार? पण प्रश्न ऐकून मी थोडा वेळ गप्प राहिलो. कारण १९७० च्या हिवाळ्यात मी स्वतः याच पेचात सापडलो होतो. फक्त माझ्यापुढं मेंढा आणि एल्क नव्हते, काळवीट आणि सांबर होते.

माळावरचा काळवीट

तेव्हा आमच्या घरात काकांची तीनशे पंधराची रायफल होती. परवान्यावर काकांच्या जोडीला माझंही नाव चढवलेलं होतं. शिकारीचा परवाना तेव्हा वनखात्याकडून रीतसर मिळत असे. त्या वर्षी काका म्हणाले, "आता माझे गुडघे चालत नाहीत. तुला जायचं तर एकटा जा. पण एकच जनावर ठरव. इथं माळावर काळवीट मार, नाही तर किनवटला जाऊन सांबर मार." मग दोन दिवस ओसरीवर बसून त्यांनी मला दोन्हीतला फरक समजावला.

आमचा नायगावचा भाग म्हणजे काळी जमीन आणि मधूनमधून मुरमाड माळ. मुखेड, कंधारकडं गेलं की बालाघाटाच्या टेकड्या लागतात. त्या काळी रब्बीला ज्वारी, करडई, हरभरा असायचा. गावोगाव गायरानं मोकळी होती. त्या माळांवर काळविटांचे कळप हिंडत. नर काळवीट वरून काळा, पोटाशी पांढरा, शिंगं पीळदार. मादी पिवळसर तपकिरी, तिला बहुधा शिंगं नसतात. पूर्ण वाढलेल्या नराचं वजन पस्तीस ते चाळीस किलोच्या आसपास भरतं. हे जनावर डोळ्यांवर जगतं. अर्ध्या कोसावरचा माणूस त्याला दिसतो आणि पळायला लागलं की ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरचा वेग गाठतं.

काका म्हणाले, "काळवीट बैलगाडीला भीत नाही. औत हाकणाऱ्यालाही भीत नाही. पण वाकून, लपत येणाऱ्या माणसाला लगेच ओळखतो." म्हणून जुने शिकारी बैलगाडीच्या आडून कळपाजवळ जात. गाडी चालू ठेवायची, शिकाऱ्यानं पलीकडच्या अंगानं चालायचं आणि योग्य जागी खाली बसायचं. मात्र यात गाडी हाकायला दुसरा माणूस लागतो. एकट्याला तुरीच्या ओळीतून कोपरांवर सरकत जाण्यावाचून उपाय नाही. त्यातही नरावर नजर ठेवून भागत नाही, कारण धोका आधी ओळखतात त्या कळपातल्या माद्या. एका मादीनं मान वर केली की तासाभराची मेहनत वाया.

दुसरी गोष्ट त्यांनी फार गंभीरपणे सांगितली. माळ सपाट असतो. रायफलची गोळी जनावराला लागली नाही, किंवा लागून आरपार गेली, तर ती लांबवर जाते. पलीकडं कुणी खुरपत असेल, कुणी गुरं वळत असेल. "काळविटामागं काय आहे हे दिसल्याशिवाय घोड्याला बोट लावायचं नाही," असं काका म्हणत. घोडा म्हणजे रायफलचा चाप.

या शिकारीतली सोय अशी, की जनावर पडलं तर डोळ्यांसमोर पडतं. जखमी होऊन पळालं तरी मैलभर दिसत राहतं. आणि चाळीस किलोचं जनावर सायकलच्या कॅरियरला बांधून एकटा माणूस घरी आणू शकतो.

किनवटचं सांबर

सांबराचं सगळंच उलटं. किनवटचा भाग पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर तो नांदेडला जोडला गेला. सागाचं जंगल, मोह, टेंभुर्णी, बांबू आणि पलीकडं पैनगंगा. आज त्या नदीच्या आजूबाजूच्या जंगलात पैनगंगा अभयारण्य आहे. तेव्हा मुदखेडहून मीटरगेजच्या गाडीनं किनवटला जावं लागे.

सांबर हे आपल्याकडचं सर्वांत मोठं हरीण. मोठा नर दोनशे-अडीचशे किलोचा, कधी त्याहून जास्त. काळविटाची शिंगं जन्मभर टिकतात. सांबराची शिंगं दरवर्षी गळून पडतात आणि नवी फुटतात. सांबराची दृष्टी बेताची, पण नाक आणि कान तिखट. दिवसा ते दाट झाडीत बसून राहतं आणि संध्याकाळ झाली की चरायला निघतं. म्हणून काळविटाच्या शिकारीत डोळा चुकवायचा असतो, तर सांबराच्या शिकारीत वारा सांभाळायचा असतो. चिमूटभर राख हवेत सोडायची आणि ती कुठं जाते ते पाहायचं. आपल्याकडून त्याच्याकडं गेली, तर त्या वाटेवर बसण्यात अर्थ नाही.

जंगलाची एक सोय आहे. मागं टेकडीचा चढ असेल तर गोळी त्या मातीत थांबते. चालणंही कमी, कारण एका जागी बसून राहायचं असतं. पाणवठ्यावर बसून मारणं जुने शिकारी कमीपणाचं समजत. त्यामुळं चरायला निघण्याच्या वाटेवर, दिवस मावळायच्या आत, एवढाच काय तो वेळ मिळे.

अडचण पुढं येते. गोळी लागल्यावरही सांबर बऱ्याचदा जागेवर पडत नाही. दोन उड्यांत ते झाडीत नाहीसं होतं. मग रक्ताच्या थेंबांवरून माग काढत जायचं. तेवढ्यात अंधार पडतो. त्या जंगलात अस्वल आहे, बिबट्या आहे. आणि समजा सापडलं, तर अडीचशे किलोचं धूड एकटा माणूस हलवणार कसा?

काकांनी शेवटी एवढंच विचारलं, "एकटा जायलास तर आधी मला सांग, आणणार कसं?"

मी त्याचं उत्तर दिलं नाही. मी वीस-बावीस वर्षांचा होतो. काळवीट तर गावातल्या कुणीही पाहिलेला. सांबराची शिंगं ओसरीवर लागली तर पंचक्रोशीत नाव होणार. मी किनवट निवडलं.

तिसऱ्या दिवशी

किनवटला उतरून मी जंगलातल्या एका गोंडांच्या गुड्यावर मुक्काम केला. वनखात्याची चिठ्ठी दाखवली. गुड्यावरच्या एका वयस्क बाबांनी विचारलं, "सोबत कोण?" मी म्हटलं, "कुणी नाही." ते म्हणाले, "मग मी येतो." मी नको म्हणालो. एकट्यानंच करायचं, असं डोक्यात पक्कं बसलं होतं. फक्त निघताना त्यांना दिशा सांगितली आणि जेवणाच्या वेळेला परत येतो म्हणालो. ही एकच शहाणपणाची गोष्ट त्या दिवशी माझ्या हातून झाली.

दुसऱ्या संध्याकाळी नर आला. वारा माझ्या बाजूचा होता. अंतर साठ-सत्तर पावलं असेल. सांगायला अजूनही संकोच वाटतो, पण खरी गोष्ट अशी की मी थांबायला हवं होतं. तो तिरका उभा होता, फरा बांबूच्या आड होता आणि उजेड कमी झाला होता. आणखी पाच मिनिटं थांबलो तर दिसणार नाही, या घाईनं मी गोळी झाडली. सांबरानं उडी घेतली आणि ते गेलं.

पानांवर रक्त होतं. जखमी जनावरामागं अंधारात जायचं नाही, हे काकांनी दहा वेळा सांगितलं होतं. तरीही मी बॅटरी घेऊन निघालो. एका नाल्यात पाय घसरला, घोटा मुरगळला, बॅटरी फुटली. रात्री नऊच्या सुमारास मी त्या नाल्यात बसून होतो. उठता येत नव्हतं. रायफल होती, पण दिसत काही नव्हतं, म्हणून तिचा उपयोगही नव्हता. थंडी अशी, की दात वाजत होते. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की एकट्यानं जाण्यातला अवघड भाग गोळी झाडून झाल्यानंतर सुरू होतो.

मी जेवायला आलो नाही म्हणून बाबा चार माणसं आणि कंदील घेऊन निघाले होते. त्यांच्या हाका ऐकू आल्या, म्हणून मी आज हे सांगतो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसांनी माग काढला. नाल्यापलीकडच्या खडकावर रक्ताचा माग तुटला. दिवसभर शोधूनही सांबर मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी आभाळात गिधाडं घिरट्या घालताना दिसली. तेव्हा आपल्याकडं गिधाडं भरपूर होती. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं आणि १९९० नंतर ती झपाट्यानं नाहीशी झाली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण गिधाडांचं ते जुनं आभाळ काही परतलं नाही.

गिधाडांच्या खाली सांबर पडलं होतं. गोळी पोटात लागलेली. ते किती वेळ जिवंत राहिलं असेल, याचा हिशेब मी तेव्हाही केला आणि पुढंही बरेचदा केला. मांस सडलं होतं. बाबा थोडा वेळ पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "पुऱ्या गुड्याचं दोन दिवसांचं खाणं होतं." मला ते एका शब्दानंही रागावले नाहीत. शिंगं काढून देऊ का, असं मात्र त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं.

घरी आल्यावर काकांनी विचारलं, "शिंगं?" मी म्हटलं, "आणली नाहीत." त्यांनी माझ्या पायाकडं पाहिलं, रायफल घेतली, पुसली आणि पेटीत ठेवली. पुन्हा मी ती मागितली नाही आणि त्यांनीही दिली नाही.

कायदा आला

दोन वर्षांतच म्हणजे १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आपल्या मराठवाड्याला ते साल दुष्काळाचं म्हणून आठवतं. काळवीट कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात गेला, म्हणजे त्याच्या शिकारीला बंदीच झाली. आज या परिशिष्टातल्या प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड अशी शिक्षा आहे. काही प्राण्यांचे परवाने पुढंही काही काळ निघत होते. १९९१ च्या दुरुस्तीनं ती वाटही बंद झाली. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, कर्जतजवळ रेहेकुरीला १९८० मध्ये खास काळविटासाठी अभयारण्य झालं. ते जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं आहे, पण माळावरच्या प्राण्यासाठी माळ राखून ठेवायचा, ही गोष्ट त्यातून लोकांना कळली.

त्या पिढीतल्या अनेकांनी बंदूक ठेवली आणि वेगळ्या रीतीनं जंगलात जायला सुरुवात केली. व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखक तरुणपणी बंदूक घेऊन हिंडला आणि पुढं नागझिऱ्याच्या जंगलात वही घेऊन जाऊन राहिला. मी लेखक नव्हतो, शाळामास्तर होतो. मी सुट्टीच्या दिवशी दुर्बीण घेऊन माळावर जाऊ लागलो. काकांनी शिकवलेलं तिथं कामाला आलं. वारा बघायचा, माद्यांवर नजर ठेवायची, बैलगाडी चालली असेल तर तिच्या आडून जायचं. शेवटी फक्त गोळी झाडायची नाही.

आज शेतात

या गोष्टीचा शेवट गोड करून सांगणं मला जमणार नाही. कारण मी शेतकरीही आहे. गायरानं आता राहिली नाहीत. माळ फोडून सोयाबीन आलं. हरणांनी जायचं कुठं? ती शेतातच राहतात. सोयाबीनचे कोवळे शेंडे, हरभऱ्याचे घाटे त्यांनी खाल्ले की शेतकऱ्याचं वर्ष बुडतं. रोही आणि रानडुक्कर यांचा त्रास तर त्याहून मोठा. रात्रभर एकट्यानं जागल करणारा माणूस सकाळी आडवं झालेलं पीक पाहतो, तेव्हा त्याला प्राणिप्रेम शिकवायला जाऊ नये.

त्याला वाट मात्र नीट माहीत असली पाहिजे. नुकसान झालं की जवळच्या वनकर्मचाऱ्याला लगेच कळवावं. वन, महसूल आणि कृषी खात्यांच्या माणसांनी मिळून पंचनामा केला की भरपाईचा अर्ज पुढं जातो. रोही आणि रानडुक्कर यांच्याबाबत २०१५ मध्ये राज्य शासनानं वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीची पद्धत घालून दिली. ही सवलत काळविटाला नाही. आणि परवानगी नसताना लावलेला फास किंवा कुंपणात सोडलेली वीज ही शिकारच ठरते. त्या विजेनं जनावर मरण्याआधी शेजारचा सालगडी मेला, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतोच.

आणखी एक साधी गोष्ट. कठडा नसलेल्या विहिरी आपल्या भागात खूप आहेत. रात्री कुत्री मागं लागली की हरणं त्यात पडतात. तीन फुटांचा कठडा बांधला तर हरीण वाचतं, आपलं वासरू वाचतं आणि आपलं पोरही वाचतं. मी माझ्या विहिरीला तो बांधून घेतला.

नातवाला दिलेलं उत्तर

तर नातवाच्या मित्राला काय सांगायचं? मी म्हटलं, "त्याला चार प्रश्न विचार. गोळी चुकली तर ती कुठं जाऊन थांबेल? जनावर जखमी झालं तर किती वेळ, किती अंतर तो एकटा शोधू शकेल? मेलं तर सगळं मांस खराब होण्याआधी खाली आणता येईल का? आणि तो स्वतः परत आला नाही, तर कोणत्या दिवशी, कुणाला कळेल?"

नातवानं हे मित्राला विचारलं. पुढच्या रविवारी त्यानं सांगितलं, की एल्कचं मांस एकट्यानं आणायचं तर तुकडे करून पाठीवर पाच-सहा खेपा कराव्या लागतात आणि त्या रानात अस्वलंही असतात. मेंढ्याचं मांस दोन खेपांत येतं, पण कडा असा, की पाय घसरला तर वर यायला कुणी नाही. तिकडची थंडी मांस टिकवते एवढंच बरं. आपल्या उन्हात तर काही तासांतच वास सुटतो.

मी म्हटलं, "मग एकट्यानं जायचंच असेल तर मेंढा. त्यातला धोका त्याच्या स्वतःच्या जिवाला आहे, आणि तो त्यानं पत्करलाय. एल्कच्या बाबतीत चुकीचं मोल जनावर देतं. तीनशे किलोचं जनावर रानात सडायला सोडण्याचा हक्क कुणाला नाही. एल्कच हवा असेल तर म्हणावं, सोबत दोन माणसं घे."

नातू हसून म्हणाला, "आबा, त्याला एकट्यानंच जायचंय. एल्कवर जास्त मन आहे त्याचं."

मी म्हटलं, "माझंही सांबरावरच होतं."

त्या मित्रानं पुढं काय केलं ते मी विचारलं नाही. परवा सकाळी मात्र आमच्या हरभऱ्याच्या कडेला एक काळवीट उभा होता. अंतर दीडशे पावलं, आणि मी बांधावर. त्यानं थोडे घाटे खाल्ले, मान वर केली, मला पाहिलं. मी टाळी वाजवली तसा तो चार उड्यांत शेजाऱ्याच्या तुरीत शिरला. शेजाऱ्यानंही टाळी वाजवली.